आकाशाची भीती कोणाच्या फायद्याची? 'दे दान सुटे गिराण'पासून नासाच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजपर्यंत

१९६२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आपल्या देशात दोन घटना घडल्या. पहिली घटना अष्टग्रहीची. ३ ते ५ फेब्रुवारी या काळात मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जगाचा अंत होणार, अशी आवई ज्योतिषांनी उठवली. देशभर होमहवन झाले, मणामणाने तूप जाळले गेले, लोकांनी प्रवास टाळले. दुसरी घटना कोणाच्या लक्षातही आली नाही. त्याच महिन्यात डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. याच समितीतून पुढे १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो उभी राहिली.

एकाच महिन्यात या देशाने आकाशाकडे दोन नजरांनी पाहिले. एक नजर घाबरलेली होती, दुसरी मोजमाप करणारी. त्यानंतर साठ वर्षांनी आपले यान चंद्रावर उतरले. पण घाबरलेली नजर गेली नाही. ती मोबाइलमध्ये शिरली.

आमच्या रावेर तालुक्यात चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर आणि आपल्याच वस्तीतल्या समाजमंदिराच्या कट्ट्यावर आकाशाबद्दल तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "जग बुडणार आहे, मोबाइलवर आलंय." दुसरे : "अमेरिका चंद्रावर गेलीच नाही भो, सगळी शूटिंग होती." आणि तिसरे : "चंद्रावर जाऊन आपल्याला काय मिळालं? गटारात अजून आपलाच माणूस उतरतो." पहिले वाक्य भीतीतून येते, दुसरे संशयातून, तिसरे संतापातून. पुरोगामी म्हणवणारे लोक तिन्ही वाक्ये 'अंधश्रद्धा' नावाच्या एकाच पोत्यात भरतात आणि मोकळे होतात. आम्हाला ते मान्य नाही. तिन्हींचा इतिहास वेगळा आहे, म्हणून तिन्हींचे उत्तरही वेगळे आहे.

अष्टग्रहीचे गणित

आधी भीती पाहू. अष्टग्रहीतले आठ ग्रह कोणते? सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू. यातला सूर्य हा तारा आहे, चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह आहे आणि केतू नावाची वस्तूच आकाशात नाही. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. त्या दोन बिंदूंना राहू आणि केतू अशी नावे दिलेली आहेत. अमावास्येला सूर्य-चंद्र अशा बिंदूजवळ आले की सूर्यग्रहण होते. ५ फेब्रुवारी १९६२ रोजी खग्रास सूर्यग्रहण होतेच, ते न्यू गिनी आणि पॅसिफिकच्या भागात दिसले. म्हणजे 'केतूसुद्धा आला हो' असे सांगून जी भीती घातली गेली, ती एका ग्रहणाचेच दुसरे नाव होती.

उरलेले पाच ग्रह एका दिशेला दिसले म्हणून एकमेकांजवळ येत नाहीत. रावेर स्टेशनच्या फलाटावर उभे राहून उत्तरेकडे पाहा. सिग्नलचा खांब, त्यामागचे लिंबाचे झाड आणि पलीकडचा सातपुडा एका रेषेत दिसतात. त्यामुळे सातपुडा फलाटावर येऊन आदळत नाही.

५ तारीख उलटली, काहीच झाले नाही. मग भाकीत करणारे तोंड लपवून बसले का? मुळीच नाही. यज्ञ केले म्हणून जग वाचले, असे सांगणारे निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनचे युद्ध झाले, तेव्हा हे अष्टग्रहीचेच फळ, असेही सांगणारे निघाले. जग बुडाले तरी भटजी खरा, वाचले तरी भटजी खरा. हरण्याची सोयच नसलेला हा धंदा आहे आणि प्रत्येक वेळी खर्च मात्र यजमानाचा.

गिराण कोणाला लागत होते?

हा धंदा फक्त पैशाचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. आकाशाच्या भीतीने आपल्या समाजाला जे भोगायला लावले ते पैशापलीकडचे आहे.

महाराष्ट्राच्या गावागावांत ग्रहण लागले की महार-मांग वस्तीतली माणसे 'दे दान सुटे गिराण' अशी आरोळी देत गावात फिरत. घराघरांतून जुने कपडे, धान्य, पैसा टाकला जाई. आमच्यातल्या जुन्या माणसांनी हे आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेले आहे. दान त्यांनाच का? कारण लोकसमजुतीत राहू-केतू हे खालच्या जातीचे. त्यांनी सूर्य-चंद्राला शिवले की विटाळ होतो आणि तो विटाळ फिटावा म्हणून जमिनीवरच्या त्यांच्या जातभाईंना काहीतरी टाकायचे. ज्यांच्या सावलीने गाव बाटत होते, त्यांच्याच सावलीने सूर्यही बाटतो, असे शेकडो वर्षे सांगितले गेले. अस्पृश्यता अशी थेट आकाशात नेऊन टांगली होती. जमिनीवरची जात कोणी नाकारली, तर वर बोट दाखवता यावे म्हणून.

आता खरी लबाडी पाहा. ग्रहण सावलीमुळे होते हे या देशात कोणालाच माहीत नव्हते, असे नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवले होते की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. पंचांग करणारा याच गणिताने ग्रहणाची घटका-पळे काढत असे. म्हणजे ज्याला गणित येत होते, त्याने वेळ सावलीच्या हिशोबाने काढली आणि दान राहूच्या नावाने घेतले. ज्ञान स्वतःच्या घरात ठेवले, भीती तेवढी गावाला वाटली. आमच्या मते भारतातल्या विज्ञानाच्या इतिहासाचे हे एक वाक्य शाळेच्या पुस्तकात छापले पाहिजे.

महात्मा फुले यांनी हा हिशोब १८८३ साली मांडून ठेवलेला आहे. 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिलेच प्रकरण वाचा. शेतकऱ्याच्या घरात मूल जन्मल्यापासून माणूस मरेपर्यंत, सणावाराला, ग्रहदशेला, ग्रहणाला कोणकोणत्या निमित्ताने त्याच्या खिशात हात घातला जातो, याची ती यादीच आहे. जोतीराव हा विषय देवाधर्माचा न मानता कराचा मानतात, आणि म्हणूनच ते मोठे अर्थतज्ज्ञ ठरतात.

त्याच्याही अडीच हजार वर्षे आधी तथागतांनी या धंद्याला नाव दिले होते. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, उल्कापात होईल, भूकंप होईल, त्याचे फळ असे असे मिळेल, असली भाकिते करून पोट भरणे याला मिथ्या आजीविका म्हटले आहे. श्रमण गौतम यापासून दूर राहतो, असे ते सुत्त सांगते. भिक्खूला जे निषिद्ध, ते उपासकाने पैसे मोजून विकत का घ्यावे?

जातककथांमध्ये एका सशाची गोष्ट आहे, दद्दभ जातक नावाची. झाडाखाली पडलेल्या सशाच्या मनात येते, पृथ्वी फाटली तर? तेवढ्यात वाळलेल्या पानावर बेलफळ पडते. ससा पळत सुटतो. त्याला पाहून दुसरा ससा, मग हरणे, डुकरे, रेडे, हत्ती, सगळे रान पळू लागते. सिंहाच्या रूपातला बोधिसत्त्व समोर येतो आणि एकेकाला विचारतो, तू स्वतः पाहिलेस का? उत्तर फिरत फिरत पहिल्या सशापर्यंत येते. मग सिंह त्या सशाला घेऊन झाडाखाली जातो आणि फळ पाहून येतो. या गोष्टीत मोबाइल नाही, बाकी सगळे आहे.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. १९६२ च्या अष्टग्रहीत शेजारच्या ब्रह्मदेशाचे बौद्ध पंतप्रधान ऊ नू यांनीही संकट टळावे म्हणून प्राणी-पक्षी सोडून देण्याचे विधी केले. पुढच्याच महिन्यात, २ मार्चला, जनरल ने विन यांनी लष्करी उठाव करून त्यांना तुरुंगात टाकले. संकट राशीतून आले नाही, छावणीतून आले. नावापुढे बौद्ध लिहिल्याने भीती जात नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे. आपल्याच घरांत बावीस प्रतिज्ञांची तसबीर आणि ग्रहणात गरोदर बाईला कोंडून ठेवणे शेजारी शेजारी चालते.

मग आपल्या लोकांनी गिराण मागणे सोडले कसे? तेव्हा कोणी दुर्बीण घेऊन वस्तीत आले नव्हते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे, शिळे, मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून खाणे सोडायला सांगितले. त्या पिढीने स्वाभिमान धरला आणि गिराणाची झोळी खाली ठेवली. भीती आधी मनातून गेली, माहिती नंतर आली. आम्हाला यात एक धडा दिसतो. भीतीवर निव्वळ माहिती पुरत नाही. ज्या माणसाला आपण या जगात बरोबरीचे आहोत असे वाटते, तोच आकाशाकडे सरळ पाहू शकतो.

स्कायलॅब पडली, धरण फुटले

भीतीचा दुसरा मोठा प्रसंग १९७९ चा. अमेरिकेची स्कायलॅब ही सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा खाली येऊ लागली. ती नेमकी कुठे पडेल हे नासालाही सांगता येत नव्हते. या वेळची भीती ज्योतिषाची नव्हती, वस्तू खरी होती. नासानेच सांगितले होते की तुकड्यांनी कोणाला तरी इजा होण्याची शक्यता १५२ मध्ये १ आहे. भारतात अफवांना ऊत आला. जग संपणारच आहे तर खाऊन-पिऊन घ्या म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापल्याच्या गोष्टी साठी ओलांडलेली माणसे आजही हसत हसत सांगतात. हसताना ते एक विसरतात. कापलेली बकरी ही त्या घराची बँक होती.

११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या परिसरात पडले. कोणी मेले नाही. एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला. आपण इकडे प्रलयाची वाट पाहत होतो, त्यांनी तिकडे पावती फाडली.

बरोबर एका महिन्याने, ११ ऑगस्ट १९७९ रोजी, गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण फुटले आणि हजारो माणसे मेली. आपण आभाळाकडे पाहत राहिलो आणि उशाशी असलेले धरण फुटले. प्रलयाची भीती हेच करते. जिथे धोका नाही तिकडे मान वळवते आणि जिथे जाब विचारायला हवा तिथे पाठ फिरवते.

आपल्या भागातले ताजे उदाहरण २ एप्रिल २०२२ चे. गुढीपाडव्याची संध्याकाळ होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून आपल्या जळगाव जिल्ह्यापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली, आसपास धातूचे गोळे सापडले. अर्ध्या तासात मेसेज सुरू झाले. क्षेपणास्त्र, परग्रहवासी, वर्षाच्या पहिल्याच दिवशी अशुभ. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च रॉकेटचा तो टप्पा असावा, असे जाणकारांनी कक्षेच्या हिशोबावरून सांगितले.

आता कायद्याची बाजू पाहा, कारण आपण संविधान मानणारी माणसे आहोत. १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एखाद्या देशाने सोडलेली वस्तू दुसऱ्याच्या जमिनीवर पडून नुकसान झाले, तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही सोडणारा देश भरपाईला जबाबदार असतो. १९७८ साली रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ हा उपग्रह कॅनडात पडला. कॅनडाने दावा लावला आणि १९८१ साली ३० लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले. आकाशातून पडणाऱ्या वस्तूलाही कायदा आहे. मग तिची शांती कशाला करायची? पंचनामा करायचा आणि दावा लावायचा.

संशय कुठून येतो?

दुसरे वाक्य : अमेरिका चंद्रावर गेलीच नाही. हे वाक्य अमेरिकेतच जन्मले आहे आणि त्याचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे.

१९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला ४ टक्क्यांहून जास्त वाटा नासाला मिळत होता. त्याच काळात काळ्या वस्त्यांमध्ये दंगली पेटल्या होत्या, व्हिएतनामला पोरे मरत होती. अपोलोवरचा खर्च योग्य आहे का, असे विचारले तर १९६० च्या दशकातल्या बहुतेक चाचण्यांत बहुसंख्य लोक नाही म्हणत होते. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ सुटण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अॅबरनथी गोरगरिबांचा मोर्चा आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला पोहोचले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. अॅबरनथी यांची मागणी काय होती? रॉकेट थांबवा, ही नव्हती. त्यांनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली आणि सांगितले की हीच ताकद भुकेविरुद्ध वापरा.

ती ताकद तशी वापरली गेली नाही. १९७५ पर्यंत नासाचा वाटा १ टक्क्याच्या आसपास आला, ठरलेल्या शेवटच्या अपोलो मोहिमा रद्द झाल्या. व्हिएतनाम आणि वॉटरगेटने सरकारचा खोटेपणा उघडा पाडला. आणि मग १९७६ साली बिल केसिंग नावाच्या माणसाने चंद्रावर कोणी गेलेच नाही, असे पुस्तक काढले. क्रम लक्षात घ्या. आधी लोकांना वाटले की हे आपले नाही. मग पाठिंबा आटला. मग सरकारवरचा विश्वास गेला. आणि त्या रिकाम्या जागेत कटाची कथा येऊन बसली.

म्हणून आमच्या पोरांना मूर्ख म्हणण्याआधी आम्ही दहा वेळा विचार करतो. ज्या समाजाला सत्तेने पिढ्यान्पिढ्या फसवले, त्याला संशय येणे स्वाभाविक आहे. पण संशय घेणे आणि तपासणे यात फरक आहे. तपासायचे तर पुरावे आहेत. चंद्रावरून आणलेले ३८२ किलो दगड-माती जगभरच्या प्रयोगशाळांत तपासले गेले आहेत. आपल्याच चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने २०२१ साली अपोलो ११ उतरले ती जागा टिपली आहे. आणि गंमत पाहा, जो माणूस सांगतो की नासा खोटारडी आहे, तोच दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड करतो की सूर्यातून ओंकार ऐकू येतो हे नासाने सिद्ध केले, आणि शनीच्या देवळावरून जाताना नासाचा उपग्रह थांबतो. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजवल्या तेव्हाही त्या आवाजाने कोरोना हटल्याचे नासाला दिसले, असा मेसेज फिरला. कटाची कथा माणसाला बंडखोर करत नाही. ती त्याला सत्यनारायणाच्या पाटावर परत आणून बसवते.

या मेसेजचा परिणाम चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपातला मोठा कणप्रयोग सुरू होताना आपल्या वाहिन्यांनी दिवसभर महाप्रलयाच्या बातम्या चालवल्या. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात त्या बातम्या पाहून घाबरलेल्या एका शाळकरी मुलीने जीव दिला. प्रयोग सुरू झाला, जग जागच्या जागी राहिले. पोरगी गेली.

चंद्रावर यान, गटारात माणूस

आता तिसरे वाक्य, आपल्या चळवळीतले. चांद्रयान-३ उतरले त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आपल्यातल्या अनेकांनी ते लिहिले. या वाक्यातला संताप शंभर टक्के खरा आहे. त्यातला हिशोब मात्र तपासला पाहिजे.

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १२,५४४ कोटी रुपये होते आणि एकूण खर्च सुमारे ४५ लाख कोटींचा होता. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांत अंतराळाला साधारण २८ पैसे. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. गटार साफ करणारी यंत्रे या २८ पैशांमुळे अडलेली नाहीत. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. कायदा आहे, निकाल आहे, तंत्र आहे. तरी माणूस उतरतो, कारण उतरणारा कोणत्या जातीचा आहे हे कंत्राटदाराला आणि नगरपालिकेला ठाऊक आहे. पैसा नाही म्हणून तो उतरत नाही, जात आहे म्हणून उतरतो. उद्या इस्रो बंद केली तरी परवा तो गटारातच असेल. मग आपण बोट चुकीच्या दिशेला दाखवतो आणि खरा गुन्हेगार हसत राहतो.

याउलट आकाशातला डोळा गरिबाच्या कामी कसा येतो ते पाहा. १९९९ च्या ओडिशातल्या चक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मेली. २०१३ साली फायलिन वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा उपग्रहांनी आधी सांगितले, लाखो लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शेकड्याच्या आत राहिला. वादळात पहिल्यांदा कुडाची भिंत पडते, बंगला नाही. त्यामुळे हवामानाचा उपग्रह हा सर्वांत आधी झोपडीचा उपग्रह आहे. आमच्या रावेरची केळी मे-जूनच्या वादळात आडवी होते. विम्याचा दावा हवामान केंद्रातल्या वारा-तापमानाच्या नोंदीवर ठरतो. ती नोंद ज्याला वाचता येते तो भांडू शकतो. ज्याला येत नाही तो तहसीलच्या पायरीवर बसून राहतो.

पालच्या बाजूला सातपुड्यात राहणारे आदिवासी वनहक्काचे दावे लावतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत होतो हे त्यांना दाखवावे लागते. शेजारच्या गुजरातेत अशा दाव्यांमध्ये उपग्रहचित्रे पुरावा म्हणून पुढे आली. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की केवळ उपग्रहचित्रावरून दावा फेटाळता येणार नाही, इतर पुरावेही पाहावे लागतील. म्हणजे तेच चित्र साक्षीदार होऊ शकते आणि हत्यारही होऊ शकते. चित्र वाचणारा माणूस कोणाच्या बाजूचा आहे यावर ते ठरते. आपला माणूस तिथे नको का?

आकाश भटजीच्या ताब्यात देणारे कोण?

लोकांचा विज्ञानाला पाठिंबा का आटतो याचा दोष एकट्या लोकांवर टाकता येणार नाही. टाळ्या वाजतात, पेढे वाटले जातात, पण तो पाठिंबा क्रिकेटच्या प्रेक्षकाचा आहे. आणि त्याला तसा ठेवणारे वर बसलेले आहेत.

जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ सुटण्याआधी इस्रोचे शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले. त्याच वर्षी मे महिन्यात इस्रोच्या तत्कालीन अध्यक्षांनी उज्जैनच्या संस्कृत विद्यापीठात विज्ञानाची मुळे वेदांत असल्याचे सांगितले. यान उतरले त्या जागेला २६ ऑगस्टला 'शिवशक्ती' नाव दिले गेले. मग रावेरच्या पोराला काय कळते? की एवढे गणित येणाऱ्यांनाही शेवटी मुहूर्त लागतो. पंचांगवाल्याची जुनी युक्ती परत आली : वेळ गणिताने काढायची आणि श्रेय राहूला द्यायचे.

'सगळे वेदांत आहे' या दाव्याला १९३९ सालीच एका शास्त्रज्ञाने जाहीर वादात सडेतोड उत्तर दिले होते. ते होते डॉ. मेघनाद साहा. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान वाचण्याचे सूत्र त्यांनी १९२० मध्ये जगाला दिले. ते खालच्या मानलेल्या जातीत जन्मले होते आणि कोलकात्याच्या वसतिगृहात त्यांना जातीचा अपमान सोसावा लागला होता. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या पंचांगांचा गोंधळ निस्तरणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यांच्या कामातून २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. पंचांगाचा अधिकार एका शूद्र मानल्या गेलेल्या शास्त्रज्ञाने हातात घेतला, ही केवढी मोठी क्रांती! किती आंबेडकरी घरांत मेघनाद साहांचे नाव माहीत आहे?

दरवाजाही बंद आहे. वैज्ञानिक आणि तांत्रिक संशोधनाच्या वरच्या श्रेणीतल्या पदांना आरक्षणातून वगळण्याची मुभा देणारा केंद्राचा आदेश १९७५ पासूनचा आहे. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. भारतीय विज्ञान परिषदेचे १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नागपूरला भरले, पुढच्या जानेवारीत ते भरलेच नाही. दहावीच्या केंद्रीय पुस्तकातून डार्विनचा उत्क्रांतिवाद काढला गेला. संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. नागरिकाने कर्तव्य करायचे आणि सरकारने पुस्तकातली पाने फाडायची, असे कसे चालेल?

महाराष्ट्रात तर ही लढाई रक्ताने लढली गेली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा झाला. आता आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा उभी राहणार आहे. विश्वातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती मोजणार. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर झाले. तिच्यामुळे भूकंप होतो, पाऊस पळतो, असल्या अफवा उठण्याआधी मराठवाड्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांना ती काय आहे हे कोण सांगणार? आणि तिथे नोकऱ्या निघतील तेव्हा फक्त पहारेकऱ्याची जागा आपली असेल का?

१४ एप्रिल २०२९

पुढची भीती कोणत्या तारखेला येणार हे आत्ताच ठाऊक आहे. अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीजवळून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. दूरदर्शनचे कार्यक्रम पाठवणारे उपग्रह याहून उंच असतात. २००४ साली तो सापडला तेव्हा सुरुवातीच्या हिशोबात धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. नंतर मोजमापे वाढली आणि ती शून्यावर आली. निदान पुढची शंभर वर्षे तो पृथ्वीला धडकत नाही, हे २०२१ मध्ये रडारने पक्के झाले. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट नावाचे यान एका लघुग्रहावर आदळवून त्याची फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी करून दाखवली. माणूस आता असा दगड ढकलू शकतो.

तो सर्वांत जवळ येईल तेव्हा जागतिक वेळेनुसार १३ एप्रिलची रात्र असेल. भारतात मात्र १४ एप्रिल २०२९ ची पहाट, साधारण सव्वातीन. बाबासाहेबांची जयंती! अफवा कशा असतील ते आम्हाला आत्ताच ऐकू येते. जयंती पुढे ढकला, मिरवणूक काढू नका, शांती करा, अमुक मंत्र म्हणा.

१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता गावोगाव आपली माणसे पुतळ्याजवळ जमतातच. त्या रात्री घरी जायचे नाही, असे रावेरमध्ये आम्ही ठरवले आहे. पहाटेपर्यंत थांबायचे, चौकात मोठ्या कागदावर अपोफिसचा मार्ग काढून लावायचा, दुर्बीण मिळाली तर लावायची, आणि ज्या आयाबायांच्या पणज्यांनी गिराण मागितले त्यांना आधी समजावून सांगायचे. तोवरची कामे साधी आहेत. प्रत्येक ग्रहणाला वस्तीत बाहेर बसून जेवायचे. मुलांना चाळणीच्या भोकातून पडलेली सूर्याची कोर दाखवायची, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू द्यायचे नाही. मेसेज आला की सिंहासारखा एकच प्रश्न विचारायचा, तू स्वतः पाहिलेस का? आणि बारावी विज्ञान झालेल्या आपल्या एकाही मुला-मुलीला पैशाअभावी थांबू द्यायचे नाही.

गटारातून माणूस बाहेर काढण्याची लढाई आणि वेधशाळेत आपला माणूस पोहोचवण्याची लढाई एकच आहे. जमीन त्यांनी वाटून घेतली, पाणी अडवले, देवळाचे दार लावले. आकाश तरी आपण स्वतःहून त्यांच्या नावावर करून देऊ नये.

जय भीम. जय संविधान.